अडतीस मीटरचा नापोर

१२ जून
आरिल्येच्या डोंगरावर आई एकटी. अंगणातला झरा मे महिन्यातच आटला. बाबांनी लावलेल्या रास्पबेरीला ती खालच्या ओढ्यातून पाणी आणते, दोन हातांत दोन बादल्या. दिवसाला बारा खेपा. वय त्र्याहत्तर, हृदय कमजोर, ओझं उचलायला बंदी.
निश्चय: रविवारपर्यंत पंप. वीस वर्षं शाळेत आलेख शिकवतोय. पंप निवडणं म्हणजे एक वक्ररेषा वाचणं.

१५ जून, रविवार
पंप नाही. कॅटलॉग आणला.
पंप पाणी किती उंच चढवतो, त्याला त्यात ‘नापोर’ म्हटलंय. चढ चढून आली की आई धापा टाकत श्रमांसाठी वापरते तोच शब्द: फार नापोर झाला रे. गंमत वाटली. तिलाही सांगितली. ती हसली नाही. दम लागला होता.

१९ जून
सात पंपांचे आलेख ग्राफपेपरवर काढले, सात रंगांत.
आईच्या शेजारचा ओब्रेन, आठवी पास, तिच्या कुंपणावरून म्हणाला, “मास्तर, तुमची चित्रकला होईपर्यंत माझा जुना पंप लावा.” नको म्हटलं. गरजेपेक्षा मोठा पंप म्हणजे वीज वाया. हा माझा अहंकार तर नाही? बराच वेळ विचार केला. नाही. काटेकोरपणा.

२६ जून
पंप घेतला. पाटीवर लिहिलंय: कमाल उंची ३९ मीटर, कमाल पाणी मिनिटाला ६० लिटर. आपला चढ ३८. म्हणजे एक मीटर शिल्लकच.
आईला फोनवर सांगितलं, आता मिनिटाला सहा बादल्या. ती म्हणाली, एवढ्या बादल्या आहेत कुठे आपल्याकडे?

२८ जून
बसवला. धार नाही, थेंब. बादली भरायला अठरा मिनिटं. नळी जुनी आहे. विजेचा दाबही कमी असावा.
तेवढ्या वेळात आई ओढ्यावरून दोन घेऊन आली. तू बस, म्हणाली.
ओब्रेनने कॅटलॉग मागितला. रेषेवरून बोट फिरवलं. “इथे उंची पूर्ण, पाणी शून्य. तिथे पाणी पूर्ण, उंची शून्य. मास्तर, तुम्ही दोन्ही टोकं एकदम उचललीत.”
हेच मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. त्याने पुन्हा स्वतःचा पंप देऊ केला. चूक माझी, तर दुरुस्तीही मीच करायला हवी. मंगळवारी बदलून आणणार.

३ जुलै
मंगळवारी गेलो नाही. आधी नळीतल्या घर्षणाचं गणित. आता एकदाच आणि बिनचूक.
आईला फोन केला: बादल्या उचलू नकोस. हो म्हणाली.

६ जुलै
आई वरच्या वळणावर सापडली. सकाळी, ओब्रेनला. दोन्ही बादल्या शेजारी नीट टेकवलेल्या, काठोकाठ भरलेल्या.
मृत्यूचा दाखला लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, “अलीकडे काही नापोर?”
“अडतीस मीटर,” मी म्हणालो. “दिवसातून बारा वेळा.”
त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: होय.