स्वयंपाकघरात कोणी नव्हतं

१२ जाने.
मी लिहिलेला पिक्चर शुक्रवारी लागतोय. जालन्यात दोन खेळ, साडेबारा आणि साडेतीन. दिग्दर्शक निखिलने सकाळी फोनवर नक्की सांगितलं. चाचणीच्या खेळाला लोक कुठं हसले तेही. "सर, रिकाम्या स्वयंपाकघरात नवरा एकटाच बायकोशी भांडतो ना, तिथं शिट्ट्या पडल्या."
तो प्रसंग पाऊण तासात लिहिला होता. तीस वर्षं पेपरात वेळेवर मजकूर दिला, पण इतक्या जल्दी कधी नाही. रचायचं काही नव्हतंच.

१३ जाने.
एकदा नीट लिहून काढतो. पाच वर्षांपूर्वीचा दिवाळी पाडवा. अंकुशनगरला बबनच्या घरी आम्ही चार मित्र बायकांसह जेवायला, मी आणि मंगल धरून. सुनंदावहिनी आठवडाभर आधी भांडून राजूरला माहेरी गेलेल्या. बबनने कोणालाच कळवलं नाही. "तिचं डोकं दुखून राह्यलंय, आतच हाय," म्हणाला, स्वयंपाकघराचं दार लोटून पुऱ्या तळायला लागला. मधूनच आतून, "अगं, मीठ किती टाकलंस!" बायका उठल्या की हा दारात आडवा. पुऱ्या पापडासारख्या. शेवटी कुकरने वरण छताला उडवलं, सगळे आत धावलो. कोणी नव्हतं. पोट धरून हसलो. तोही.
त्याच्या कपाळावर केसांआड कुंकू होतं, वर अक्षता. पाडव्याला ओवाळायला बायको नाही, म्हणून स्वतःच लावलेलं. ते फक्त मला दिसलं. आणि मला दिसलं हे त्याला.
तुळशीच्या लग्नाआधी वहिनी परत आल्या. बबनने त्यांना फोनवर सांगितलं होतं, जेवण रद्द केलं, तू गेल्तीस हे कोणालाच ठाऊक न्हाई. त्या भरवशावर आल्या. छतावरच्या डागाला स्लॅब गळतो म्हणाला. वहिनींनी वर वॉटरप्रूफिंग करून घेतलं. आम्ही सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं.
मी मात्र कपाळसुद्धा लिहिलं.

संध्या. – बबनचा फोन. "लेका, पोस्टरवर नाव पाह्यलं तुझं! सुनंदा म्हणती, पहिल्याच दिवशी जायचं." मी म्हणालो, विनोदी आहे रे, उगाच त्रास कशाला. "मंग हसायलाच येऊन राह्यलो ना!"
निखिलला विचारलं, प्रसंग काढता येईल का. "सर, तो काढला तर उरतं काय?"
मंगल ताट वाढताना म्हणाली, "लिहिताना बबनभाऊजी आठवले न्हाईत का?"
आठवत होते म्हणून तर...

१४ जाने.
तिळगुळाचं निमित्त करून एसटीने अंकुशनगरला गेलो. वहिनींनी पातळ नेसून दाखवलं, पहिल्या खेळाला हेच. "भाऊजी, आमच्यासारखं कोणी हाय का हो त्यात?" अर्धा चहा तसाच ठेवून बाहेर आलो.
बबन अंगणात मोटारसायकलचा प्लग साफ करत होता. सांगून टाकलं.
"एकटाच भांडलो, ते हाय?"
"आहे."
"कुकर?"
"आहे."
प्लग फुंकत बसला. मग, "कपाळ?"
मी मान डोलावली.
"तुम्ही आठ जण हसलात, ते बराबर होतं. मी बी हसलो. पण हे तर तुझ्यामाझ्यातलं होतं ना रे."
माफीसाठी तोंड उघडलं. "राहू दे. आता तिला सांगायचं कोणी?" मी सांगतो म्हणालो. "न्हाई. तू आणखी रंगवून सांगशील."
हसला नाही.

१५ जाने.
दिवसभर काही नाही. दोनदा फोन उचलून ठेवला.
पाच वाजता वहिनींचाच आला. "भाऊजी, उद्या साडेबाराला आम्ही दोघं. एकदम सुरुवातीपासून पाह्यचाय." मागून बबन काही बोलला. त्या त्याला म्हणाल्या, "तुम्ही थांबा जरा." फोन बंद.
त्यांना कळलंय की नाही, आवाजावरून काही सांगता येत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.
सकाळच्या एसटीने निघतील. निखिलने मला बाराला थेटराच्या दारात उभं राहायला सांगितलंय, येणाऱ्यांचं स्वागत करायला.