दुखवट्यातला अँटेना

॥ श्री ॥

सोनपेठ, रविवार, ११ जून १९८९

तीर्थरूप बन्सीधरदादांना मनकर्णेचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे सगळे जेवूनखाऊन आहोत. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं, की वर्ष होईपर्यंत थोरांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस, गप्प राहा. ते पत्र मिळालं. गप्प तर मी जन्मापासून आहे. बाकीचं जमलं नाही, ते कळवते.

कागदाच्या माथ्यावर श्री लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. तात्याराव मामंजी (यांचे चुलते, घरात शब्द त्यांचाच चालतो) म्हणतात, दुखवट्याच्या घरातून निघालेल्या पत्रावर वर्षभर श्री घालू नये. मी घातलं. देवानं फाल्गुनात जे केलं, त्यानंतर माझ्या कागदावर उभं राहायला त्याला कसली अडचण?

आता टीव्हीचं. गेल्या दिवाळीत शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी साहेब लोक कॅमेरा घेऊन आमच्या मळ्यात आले होते आणि यांना बियाण्याबद्दल बोलायला उभं केलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी तेव्हा मळ्यातल्या चुलीपाशी चौदा जणांचा चहा करत होते (सातजण आले होते, पण प्रत्येकजण दोनदा प्यायला), त्यामुळं हे काय बोलले त्यातलं अक्षर माझ्या कानावर पडलं नाही. विचारलं तर म्हणाले, "टीव्हीवर बघशील की." पुढच्याच आठवड्यात संच घेऊन आले. मग फाल्गुनात हे वारले, आणि मामंजींनी संचावर सोलापुरी चादर टाकून गाठ मारली. वर्षाच्या आत घरात करमणूक नको म्हणून. यांचा धड एक फोटो घरात नाही. सोसायटीच्या सभेतला एक आहे, त्यात चेअरमनच्या हारानं यांचं अर्धं तोंड झाकलेलं आहे. आणि मे महिन्यात कार्ड आलं, की तो कार्यक्रम आठ जूनला, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला दाखवणार. मी कार्ड मामंजींसमोर ठेवलं. ते वाचून म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. (पुढच्या वर्षी परत दाखवतात, अशी त्यांची समजूत आहे. सप्ताहासारखं.)

सोमवारी मी गाठ सोडली. संच लावला तर नुसत्या मुंग्या आणि खरखर. केशर जाऊबाई दारातून म्हणाल्या, बघा, त्यालासुद्धा कळतं दुखवटा काय असतो. मी बाजारातून माणिकरावांना बोलावलं. ते रेडिओ दुरुस्त करतात, टीव्हीचं काम अंदाजानं करतात. त्यांनी बटण बंद करून चालू केलं. प्लग काढून घातला, तीन वेळा, दर वेळी मधे थोडं थांबून, म्हणजे संचाला विचार करायला वेळ मिळावा. फ्यूज बदलला, मागची धूळ फुंकली, बूस्टर हलवून कानाशी धरला, आणि शेवटी कुशीत एक चापट मारली. मुंग्या होत्या तशाच. मग म्हणाले, सेटात दोष नाही, हवेत आहे. मला ते पटलं नाही, कारण शेजारी व्यंकटरावांकडे हवा तीच आणि चित्र स्वच्छ. म्हणून मंगळवारी मी आमचा संच त्यांच्याकडे नेऊन त्यांच्या वायरीला जोडायला लावला. तिथं तो लख्ख चालला. म्हणजे संच चांगला, हवा चांगली. दोष वर, आमच्या माळवदावरच्या अँटेन्यात.

आणि माळवदावर कुणी जायला तयार नव्हतं, कारण तिथं कावळा होता. दहाव्याला गंगेवर दोन तास कावळा पिंडाला शिवला नव्हता. मामंजींनी तीन वचनं दिली, तेव्हा कुठं एकानं चोच लावली. त्याच आठवड्यापासून एक कावळा आमच्या अँटेन्यावर येऊन बसायला लागला, आणि तो सिताराम, म्हणजे हेच, असं घरात ठरून गेलं. मामंजी रोज सकाळी वर बघून हात जोडतात. जाऊबाई पहिल्या भाकरीचा तुकडा तूप लावून वर फेकतात. (हे हयात असताना यांना गरम भाकर वेळेवर मिळाली, असं मला आठवत नाही.) कावळा चांगला अंगानं भरला आहे. त्याला हुसकावायचं नाही, अँटेन्याला हात लावायचा नाही, असा हुकूम. मला पहिल्यापासून एकच शंका होती. हे बावीस वर्षांत एका जागी इतका वेळ कधीच बसले नाहीत.

गुरुवारी पाच वाजता मी शिडी लावली. जाऊबाई म्हणाल्या, गल्ली बघती आहे, तुम्हाला आता असं वर चढणं शोभतं का? मी म्हटलं, गल्लीला बघू द्या, मला तर बघायला मिळत नाही. वर जाऊन पाहते तो अँटेन्यावर भलं मोठं घरटं. निम्मं कडुलिंबाच्या काड्यांचं आणि निम्मं तारांचं: बांधकामाची तार, सायकलचे आरे, कुणाच्या कुंपणाचा तुकडा. वायर जिथं जोडतात तिथं दोन्ही टोकं त्या तारांनी एकमेकींना घट्ट बांधून टाकलेली. चित्र येणार कुठून? आणि घरट्यात चार अंडी. मी आयुष्यात मामंजींशी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी कठड्यावरून वाकून बोलले.

"मामंजी, यांनी अंडी घातली आहेत."

व्यंकटराव तोंड दाबून घाईनं घरात गेले.

घरटं मी तारा सोडवून अंड्यांसकट पाण्याच्या टाकीमागं ठेवलं (त्या बाईनं माझ्या डोक्यात दोनदा चोच मारली, ते तिचं बरोबरच होतं). मग अँटेना फिरवायला लागले. जाऊबाई दारातून ओरडून सांगत होत्या, आलं, गेलं, आता माणसाला दोन डोकी आलीत. एका जागी चित्र आलं, पण हात सोडला की जायचं. सव्वासहा झाले, पंचवीस झाले. म्हणजे मी धरलं तर सगळ्यांना हे दिसणार, मला सोडून. तेवढ्यात शिडी वाजली. मामंजी, वय शहात्तर, डोक्याला टॉवेल गुंडाळून वर.

"सरक," म्हणाले. "मी धरतो. जा खाली."

"तुम्हीच म्हणलात, वर्षाच्या आत बघू नये."

"बघायलाय कोण? मी नुसता धरायलोय. धरायला शास्त्रात काही मनाई न्हाई."

मी खाली धावले. दोन-अडीच मिनिटं हे दिसले, दादा. पांढरी टोपी, तो निळा सदरा, अख्खं तोंड. पण आवाज नाही, नुसती खरखर. मामंजींनी जरा फिरवला तर आवाजाचा एक तुकडा आला आणि चित्र गेलं. मी ओरडले, होतं तसं राहू द्या. चित्र परत आलं. बोलता बोलता यांनी एकदा डावीकडं पाहिलं. डावीकडं चूल होती.

मामंजी खाली आले ते हात चोळत. विचारलं, काय म्हणला सिताराम? मी सांगितलं, तुमचं नाव घेतलं. ते ओसरीवर जाऊन बसले आणि त्या रात्री चादर परत कुणी टाकली नाही. तुम्हाला गल्लीतून कुणी काही कळवलं, तर ते सगळं खरं आहे. संच लागणार, श्री लिहिणार, शिडी चढणार. तुमच्याकडून मला काही नको.

तुमची बहीण,
मनकर्णा

ता. क. तुमच्या परभणीला आवाज स्वच्छ येतो, असं वहिनी म्हणाल्या होत्या. तुम्ही गुरुवारी पाहिलं असेलच. हे काय बोलले ते शब्दाला शब्द लिहून पाठवा. बाकी काही लिहू नका, तेवढंच पाठवा. लवकर.

ता. क. २. मामंजींचं नाव त्यात नसणार. इकडे आलात तर बोलू नका.

ता. क. ३. मुगाच्या बियाण्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालायचं मी यांना सुचवलं होतं. त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं असेल, तर तसंच लिहा, सुधारू नका. यांना बोलणं मधेच सोडायची सवय होती. जिथं सोडलं असेल तिथंच थांबा. पुढचं मला माहीत आहे.