अण्णांची आरोळी

स्टेशनमागची खोली
ता. ४ मार्च

चि. शिट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. आमच्या डबड्यात नुसती खरखर. पत्र बरं, पुन्हा पुन्हा वाचता येतं.

बातमी वाईट आहे. एक एप्रिलपासून संध्याकाळची गाडी इथे थांबणार नाही. म्हणजे स्टेशन संपलंच म्हणायचं. इंजिनांना पाणी पाजायला बांधलेलं हे स्टेशन. इंजिनं पाणी प्यायची थांबली, तरी दुधाचे कॅन होते, टपालाची थैली होती. गावातलं प्रत्येक तान्हं पोर आपल्या पार्सलच्या काट्यावर तोललं गेलं. तू त्यावर अशी किंचाळलीस की सांधे बदलणाऱ्या आपल्या पॉइंट्समनने तुझं नाव शिट्टी ठेवलं, ते चिकटलंच. आता काटा गेला, तिकीटखिडकीला फळ्या ठोकल्या. तुझी आई लग्न होऊन याच फलाटावर उतरली होती.

गाडी थांबते आहे तोवर एकदा येऊन जा गं. तुला इथे उतरताना बघायचंय, बाकी काही नको.

पत्राची वाट पाहणारा,
अण्णा

हॉस्पिटलचं वसतिगृह
ता. ११ मार्च

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

आलं बाई एकदाचं बोलावणं! वर्षभर नुसतं ‘आत्ता नको, पुढे बघू’ चाललं होतं. मेट्रनबाईंमागे भुणभुण लावून वीस तारखेची रजा मिळवली आहे. रात्रपाळी संपली की तशीच गाडीत बसेन.

झोप लागणार, हे नक्की. लागू दे. तुम्ही स्टेशनचं नाव पुकारत गाडीच्या कडेनं यायचात, तेव्हा माणसं काय, बाकाखालची गाठोडीसुद्धा उठून बसायची. त्याच भरवशावर कॉलेजातून येताना मी बिनधास्त घोरायचे. तेव्हा निवृत्त-बिवृत्त काही चालणार नाही. आरोळी पाहिजे म्हणजे पाहिजे. इथे रोज गजरानं उठते, पण घरची जाग ती घरचीच.

माया आहेच, ती वीस तारखेपर्यंत पुरवून वापरावी.

तुमची,
शिट्टी

हॉस्पिटलचं वसतिगृह
ता. २१ मार्च

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

जंक्शनवर झाडूवाल्यानं उठवलं मला. तिथून मागे येणारी एकही गाडी आपल्याकडे थांबत नाही, आणि सकाळी ड्यूटी. आल्या पावली परत आले.

तुम्ही आलाच नाहीत ना? तुमची आरोळी झाली आणि मला जाग आली नाही, असं होणंच शक्य नाही. लेकीसाठी एक हाक मारणं एवढं जड झालं, अण्णा? परत येताना वाटभर रडले.

शिट्टी

स्टेशनमागची खोली
ता. २४ मार्च

चि. शिट्टीस अनेक आशीर्वाद.

बाळ, मी आलो होतो. माझा स्टेशनमास्तरचा जुना कोट घालून आलो होतो. डब्यामागून डबा बघत गेलो, तर शेवटच्या डब्यात खिडकीला डोकं टेकून तू. पण हाक मारू कशी? आवाज गेल्या वर्षीच गेला. घशात गाठ होती, स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या वेळी पॉइंट्समन होता सोबतीला. तुला कळलं तर नोकरी सोडून धावत येशील, म्हणून लपवलं. ती फोनची खरखरही थापच.

टाळ्या वाजवल्या, काचेवर थापा मारल्या. तेवढ्यात इंजिनानं भोंगा दिला नि गाडी हलली. फलाट संपेपर्यंत तुझ्या खिडकीसोबत चाललो. लहानपणीसारखीच तोंड उघडं टाकून झोपली होतीस. किती वाळली आहेस गं!

एकतीसला शेवटची गाडी. ये, असं म्हणायचा धीर होत नाही. उठवणं काही मला जमणार नाही.

अण्णा

हॉस्पिटलचं वसतिगृह
ता. २६ मार्च

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

दिवसभर परक्यांचे घसे तपासते आणि बापाचा घसा मला कळला नाही. याचा राग तुमच्यावर काढू की माझ्यावर? आल्यावर कडाकडा भांडणार आहे. तुम्हाला उत्तर देता येणार नाही, तेव्हा जिंकणार मीच.

एकतीसला येते. झोपायची नाही, बसायचीही नाही. दारात उभी राहीन. सिग्नल मागे पडला की स्टेशनचं नाव मी पुकारीन, तुमच्यासारखं शेवटचं अक्षर लांबवत. गाडीतली सगळी गाठोडी उठली पाहिजेत. तुम्ही फक्त फलाटावर उभे राहा. आणि माझी आरोळी पोचली की हात वर करा.

तुमचीच,
शिट्टी