जुलैत भरलेली काडतुसं

मी, प्रबोध यशवंत टिपणीस, वय बहात्तर, निवृत्त मरीन इंजिनिअर, राहणार क्वीन्सटाउन, सिंगापूर, माझ्यामागे कशाचं काय करावं ते स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. डोकं ठिकाणावर असल्याचा नोव्हेना भागातल्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता मला काय ऐकू येतं ते मी त्यांना सांगितलं नाही. दाखला हवा होता.

कलम १. राहता फ्लॅट माझी मुलगी ऋचा हिला. तिचं सेरंगूनला घर आहे, तेव्हा तिने हा विकावा. विकण्याआधी स्टोअररूमचं दार काढून टाकावं. कारण कलम ५ मध्ये.

कलम २. भिंतीवरची कुडू हरणाची शिंगं माझे मेहुणे सौमित्र यांना. वीस वर्षं त्यांनी चारचौघांत मला खाटीक म्हटलं आणि माझ्या शिकारीचा फोटो मागून नेऊन स्वतःच्या ऑफिसात लावला. शिंगांवर धूळ फार बसते. त्यांनी ती रोज पुसावी.

कलम ३. माझ्या ठेवींपैकी निम्मी रक्कम कुशल नंदकुमार कर्णिक, राहणार नामिबिया, याला. कुशल माझा कोणी लागत नाही. त्याचा बाप नंदू माझ्याबरोबर अकरा वर्षं जहाजावर होता. वॉल्व्हिस बे बंदरात एकदा उतरला तो परत चढलाच नाही. तिथेच शेत घेतलं, लग्न केलं आणि पाहुण्यांना परवान्याची शिकार करवू लागला. बायको लवकर गेली, कुशलला त्याने एकट्याने वाढवलं. मी दरवर्षी जुलैत महिनाभर तिकडे जायचो आणि त्याच्या रायफलची काडतुसं हाताने भरायचो. सिंगापुरात माझ्याकडे काडतूस, दारू यांतलं काहीही नाही, कधी नव्हतं. इथला कायदा मला ठाऊक आहे. इथे आहे ती फक्त काडतुसांच्या मापांची वही. तीही कुशलला.

कलम ४. वहीत २०१९ च्या जुलैचं पान आहे. हे कलम मला सहा वर्षं लिहिता आलं नाही.

रानरेड्यासाठी नंदू काडतुसात एकच सावकाश जळणारी पावडर वापरायचा. ती थंडीत आणि उन्हात सारखीच वागते. गोळीही ठरलेली, जड आणि आरपार जाणारी. मला मात्र वेग हवा होता. मी दुसरी पावडर आणली. तिने गोळी जास्त वेगाने जात होती आणि मी तिचं माप काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या कमाल आकड्यापर्यंत नेलं. तिथला जुलै म्हणजे हिवाळा; पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं असताना आम्ही दहा गोळ्या झाडून पाहिल्या. रिकामी पुंगळी बाहेर काढायचा रायफलचा बोल्ट लोण्यासारखा उघडत होता. नंदू म्हणाला, "प्रबोध, इथला ऑक्टोबर वेगळा असतो." मी हसलो. आयुष्यभर बॉयलर सांभाळलेल्या माणसाला हा उष्णता शिकवतोय! पण चाळीस वर्षं मी अशा शहरात राहिलो जिथे बारा महिने एकच हवा. ऋतू माझ्या हिशेबातच नव्हता. पन्नास काडतुसं भरली, डब्यावर माझ्या अक्षरात नाव घातलं आणि विमानात बसलो.

ऑक्टोबरात, सकाळी अकराला, उन्हात तापलेल्या गाडीतून रायफल काढून नंदूने पाहुण्याने जखमी केलेल्या रेड्यावर पहिली गोळी झाडली. तापलेल्या पावडरीने दाब वाढला, पुंगळी आत चिकटली आणि बोल्ट वर येईना. सोबतच्या माग काढणाऱ्याने पाहिलं: नंदूने तळव्याने बोल्टवर तीन तडाखे मारले. तोवर रेडा अंगावर आला; चौथा मारायला नंदू उरला नाही.

कुशल तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याने मला फोनवर विचारलं, "काका, असं कसं झालं?" मी म्हणालो, रायफलमध्ये वाळू गेली असेल. मी खोटं बोललो. लाज वाटते.

कलम ५. तिथले अकरा म्हणजे इथले संध्याकाळचे पाच. तेव्हापासून रोज पाचला माझ्या बंद स्टोअररूममधून लोखंडावर तळवा आपटल्याचे तीन आवाज येतात. ऋचा म्हणते, जुन्या बिल्डिंगचे पाइप. नात जाई एकदा दाराला कान लावून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, समवन इज स्टक, लाह." त्यानंतर तिला मी तिकडे फिरकू दिलं नाही.

कलम ६. गेल्या आठवड्यात कुशलचा मेसेज आला. कपाटात त्याला माझ्या अक्षरातला डबा सापडला, चौतीस काडतुसं शिल्लक. बाबांची रायफल आणि काकांची काडतुसं घेऊन अठरा ऑक्टोबरला तो पहिल्या रेड्यामागे जाणार आहे. माझा मान राखतोय पोरगा! आणि मी हे सगळं मेल्यावर उघडायच्या कागदात लिहीत बसलोय, कारण या जगात मला काका म्हणणारा तो एकटाच आहे.

उद्या अठरा. म्हणून आज सही करण्याआधी दोन्ही साक्षीदारांसमोर मी त्याला स्पीकरवर फोन लावला. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, सकाळपासून रायफल उघडत नाही. आत काडतूस नाही, तेल घातलं, तरी बोल्ट हलत नाही. मग त्याने मला ऐकवायला तळव्याने तीन तडाखे मारले. तोच आवाज होता. साक्षीदार राधिकाबाईंनी माझा हात धरला.

मी त्याला कलम ४ शब्दन् शब्द वाचून दाखवलं. वाळूबद्दल खोटं बोललो तेही. मग पलीकडे खट् झालं.

"काका, मी हात लावला नव्हता," तो म्हणाला. "आपोआप उघडला."

मग म्हणाला की काडतुसं तो आजच मोडून टाकेल, उद्या जाणार नाही. मी बरं म्हणालो.

"आणि यापुढे मला फोन करू नका," तो म्हणाला. काका म्हणाला नाही.

कलम ३ मध्ये काहीही बदल करू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली आहे.

प्रबोध यशवंत टिपणीस

आमच्यासमोर सही झाली. फोनवरचं बोलणं आणि ते तीन आवाज आम्ही दोघांनी ऐकले.
साक्षीदार: १. अश्विन माधव राजाध्यक्ष २. राधिका शरद नाडकर्णी

स्थळ: क्वीन्सटाउन, सिंगापूर
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२५