लुंग सेउच्या अस्थी आणि माझं घर

मी, ग्वेनलियन प्रॉसर, कोळसाखाणीतले मजूर कै. इफान प्रॉसर यांची विधवा, वय अठ्ठावन्न, जन्म वेल्सचा, गेली सव्वीस वर्षं राहणार कोल्टर्स ड्रॉ, वायोमिंग, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. पोटातली गाठ वाढते आहे, पण डोकं ठिकाणावर आहे आणि लिहायला मला कुणी भाग पाडलेलं नाही. हा कागद न्यायालयात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावा.

कलम १. शिवणयंत्र व दोन लोकरी रजया माझी भाची मेन्ना हिला. नवऱ्याने यंत्र विकायला काढलं तर तिने त्याला माझं नाव सांगावं.

कलम २. घर शिक्षिका तिर्झा हॉवेल्स यांना, मजुरांच्या वाचनवर्गासाठी. फिनिश, इटालियन, स्लोव्हाक सगळे तिथे एका बाकावर बसतात. चिनी माणूस आला तर त्यालाही बसवावं. मात्र कलम ३ पुरं झाल्याशिवाय घराचा ताबा देऊ नये.

कलम ३. स्वयंपाकघराच्या जमिनीच्या फळ्यांखाली बटाटे साठवायचा खड्डा आहे. त्यात लुंग सेउ नावाचा चिनी माणूस पुरलेला आहे; त्याच्या अस्थी खणून बाहेर काढाव्यात.

सप्टेंबर १८८६ मध्ये कंपनीने संप मोडायला चिनी मजुरांना कमी मजुरीवर खाणीत उतरवलं होतं. आमच्या माणसांचा राग कंपनीवर होता, पण मालक हजार मैलांवर राहत होता आणि चिनी वस्ती ओढ्यापलीकडे होती. त्या दुपारी दीडशे जण बंदुका आणि टिकाव घेऊन ओढा उतरले. झोपड्या पेटल्या. पळणाऱ्यांना पाठीत गोळ्या घातल्या. आमच्या बायका टेकडीवर उभ्या राहून ओरडत होत्या, "तो बघा, झुडपात एक आहे!" त्यात थोडा वेळ मीही होते.

घरी आले तर मागच्या दारात लुंग सेउ. दर शनिवारी माझ्याकडून पाव नेणारा. खांद्यातून रक्त वाहत होतं.

"बाई, लपवा," एवढंच म्हणाला.

मी फळी उचलली, त्याला खड्ड्यात उतरवलं, फळी टाकली आणि वर खुर्ची ओढून बसले. पाठोपाठ माझा धाकटा भाऊ मादोक रीस आत आला.

"ताई, रक्ताचा माग तुझ्या दारापर्यंत आलाय."

"कोंबडी कापली."

"कोंबडी बूट घालून चालते होय?" तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "इफान चिन्यांना घरात लपवतो, असं खाली सांगू का? उद्या खाणीत गेला की परत वर यायचा नाही तो."

मी उठले आणि खुर्ची बाजूला केली.

मादोकने फळी उचकटली. टिकावाचे घाव मी मोजले नाहीत. लुंग सेउ त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, एकच शब्द, पुन्हा पुन्हा, मग तोही थांबला. मादोकने टिकाव खड्ड्यातच फेकला आणि माझ्या बादलीत हात धुतले.

इफानने चुना आणि माती टाकून खड्डा बुजवला. त्या दिवसापासून मरेपर्यंत तो बाहेर पायरीवर बसून जेवला, बर्फ पडत असतानासुद्धा. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

चौकशीच्या पंचांपुढे मी बायबलवर हात ठेवून सांगितलं, "मी पाव भाजत होते. काही पाहिलं नाही." सगळ्यांनी असंच सांगितलं. एकालाही शिक्षा झाली नाही. ती साक्ष खोटी होती. ही खरी आहे.

कलम ४. धोबीकाम करणारा लुंग ताक हा लुंग सेउचा चुलतभाऊ. तो दर वसंतात दारात येऊन विचारतो, "आमचा सेउ कुठे?" मी दर वेळी सांगत आले, "डोंगरात पळाला असेल." अस्थी त्याच्या हाती द्याव्यात आणि त्या समुद्रापार सेउच्या गावी पोचवण्यासाठी माझी सगळी शिल्लक खर्चावी. त्याला काय वाटेल ते त्याने माझ्या थडग्यावर येऊन बोलावं. कुणी अडवू नये.

कलम ५. मादोकला काही नाही. खड्डा खणताना शेरीफ हजर असावा. टिकावाच्या दांड्यावर 'मा. री.' अशी अक्षरं तापल्या सळईने उमटवलेली आहेत.

हे मी त्याला गेल्या रविवारी तोंडावर सांगितलं.

"तेरा वर्षं झाली, ताई. हाडांचं काय घेऊन बसलीस?"

"त्यांना गाव आहे."

"मी खाणमजूर संघटनेचा उपाध्यक्ष आहे. आठ तासांच्या पाळीसाठी भांडतोय. मी फासावर गेलो तर कंपनी हसेल!"

"हसू दे. आठ तासांची मागणी तुझ्यावाचूनही खरीच आहे."

तो जाताना म्हणाला, "मग हे घर राहणार नाही."

म्हणून याची एक प्रत जिल्ह्याच्या गावी न्यायालयात पाठवते आहे, आणि मी हे लिहून ठेवते: घर जळेल, खड्डा जळत नाही. मागच्या दगडी पायरीपासून सरळ सात पावलं, मग डावीकडे दोन. राख बाजूला करा आणि खणा.

सही: ग्वेनलियन प्रॉसर

आमच्यासमोर तिने सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही:
डॉ. एबनेझर स्टाउट
ऐनो काल्लिओ, सुतार

कोल्टर्स ड्रॉ, वायोमिंग
१७ ऑक्टोबर १८९९