पदराची खसखस

देवपूर, धुळे
१२ जुलै २०२५

चि. स्वप्नील,

आशीर्वाद. अक्काला विचारलं, तुझ्या लेकाला काय लिहू, तर म्हणाली, "बठ्ठं बरं शे, लिख." सगळं बरं, फक्त गुडघ्याचं तेल संपलंय आणि चहा दोनदाच घेते. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून हे कागदावर. आता नीट वाच.

'अक्कानी गोठ' या अक्काच्या गोष्टींच्या पॉडकास्टचे तीनही भाग तू न विचारता "साफ" करून पाठवलेस. वर सल्ला, "ताई, तो नऊशेचा कॉलर माइक फेकून दे, सारखी कापड घासल्याची खसखस येते. नवशिक्यानं टेबलावरचाच घ्यावा." तुला कुणी विचारलं होतं? मी दुकानात उभं राहून चार माइक लावून बघितले आणि हा घेतला. मोबाइलला चालतो, वायर लांब आहे आणि पदराला लावला की अक्का त्याला विसरून जाते. तुझा पार्सलनं आलेला टेबलावरचाही लावून बघितला. वरच्या घरातला कुकर, गल्लीतला भंगारवाला, पंखा, सगळं त्यात आलं. अक्का तेवढी आली नाही. त्याच्यापुढे ती कोर्टात साक्षीला आल्यासारखी बसली.

शहाण्या, ती खसखस कधी येते हे कान देऊन ऐकलंस का? सावद्याच्या केळीच्या गाड्यांबद्दल सांगते, आवाज स्वच्छ. मामाची नक्कल करते, स्वच्छ. नानांचा विषय निघाला की खसखस. नाना जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचं काही सांगायचं म्हटलं की अक्का आधी पदर डोक्यावर ओढते. माइक पदरालाच, मग खसखसणार नाही तर काय? आपल्या बापाचा मान आहे तो. तू तो कचरा म्हणून कापलास, आणि त्याबरोबर नानांबद्दलची निम्मी वाक्यंही कापलीस.

माझं डोकं फिरलं ते उगाच नाही. पण सगळा राग तुझ्यावरच काढला तर ते खोटं होईल.

तुझा सल्ला वाचून मलाही लाज वाटली होती. लोक हसतील, म्हटलं. चौथ्या भागाला मी अक्काचा पदर खांद्याशी सेफ्टीपिननं पक्का केला. बोलत बोलत ती नानांपर्यंत आली, हात वर गेला, पदर येईना. दोनदा ओढला. मग म्हणाली, "मन्ही गोठ सरनी," आणि गोष्ट तिथंच संपवून उठून आत गेली. त्यानंतर पंधरा दिवस माइकजवळ फिरकली नाही. तिला बरं नाही, असं मी तुला कळवलं होतं ना, ते खोटं होतं. वाटलं, आता ही कायमची गप्प झाली, आणि ती माझ्यामुळे.

काल तिच्याजवळ बसले, पिन तिच्या हातात दिली आणि चुकलं म्हटलं. "डोकं उघडं ठेईसन तुन्हा नानानी गोठ कशी सांगू माय?" म्हणाली. मग माइक मागून घेतला आणि स्वतःच पदराला लावला. बावीस मिनिटं बोलली. साक्रीच्या बाजारातून नानांनी तिला चपला आणल्या, दोन्ही डाव्या पायाच्या, आणि तिनं त्या घालून जत्रा केली. तुला ठाऊक होतं हे? मलाही नव्हतं.

पेनड्राइव्ह सोबत आहे. त्यात खसखस एकोणीस वेळा आहे. शेवटी अक्का काही बोलत नाही, नुसता पदर ओढल्याचा आवाज येतो. त्याला हात लावू नकोस.

तुझी,
पिन लावणारी ताई
दिपमाला