शांभवीची जागा

टोरांटो, २० फेब्रुवारी २००४

ती. अक्कास धाकट्या शिवलीलेचा शरणार्थी नमस्कार,

आम्ही बरे आहोत. अव्वाचा खोकला कमी आला का? कुरुंदवाडात हरभरा निघाला असेल.

माझी शांभवी बर्फावर कसला खेळ खेळते, असं तू विचारलंवतंस. सोळा पोरी एकमेकींचे खांदे धरून गाण्यावर फिरतात. सगळ्यांचा पाय एकदम उचलायला लागतो. एकीचं वेगळं नाव होत न्हाई, पण एक पडली की मार्क सगळ्यांचे जातात.

डिसेंबरच्या स्पर्धेत आपलीच पडली. फोनवर मी पाय मुरगळला म्हणाले, ते खोटं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण खेळ संपला.

काल तिनंच हट्ट केला, म्हणून सराव बघायला नेलं. कुबड्यांवर उभी राहून तिनं पोरी मोजल्या. सोळा भरल्या.

"आई, माझ्या जागेवर कोण हाय, ओळखूच येत न्हाई," म्हणाली.

आज जेवली न्हाई.

अव्वाला गुडघ्याचं कळू देऊ नकोस. तिला सांग, नात मजेत खेळते.

तुझीच,
शिवलीला